एआय म्हणतं 'धोका कमी', पण बाबांची छाती चढावर आवळते. काय करू?

कुडाळकर
नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे, ११ वर्षांपासून साखर. काजूच्या बागेचा चढ चढताना छाती आवळते, दगडावर दोन मिनिटं टेकले की थांबतं. काल तालुक्याला ईसीजी काढला. कागदावर वरच एआयचा शेरा छापलाय: हृदयधमनीच्या आजाराचा धोका कमी. बाबा म्हणतात, मशीनने सांगितलं ना, झालं. मला रात्रभर झोप नाही. एआयला डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलंही दिसतं म्हणतात, मग विश्वास ठेवू का?

ईसीजीवाली_ताई
दादा, आधी बाबांना बागेत जाऊ देऊ नका. मी १९ वर्षं ईसीजी काढतेय. ईसीजीची पट्टी काढताना बाबा आडवे, निवांत होते ना? अरुंद झालेल्या धमनीतूनही तेवढ्यापुरतं रक्त पुरतं. कमी पडतं ते चढावर. म्हणून ब्लॉकेज असूनही ईसीजी अगदी साफ येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

एआय हजारो पट्ट्या त्या रुग्णांच्या अँजिओग्राफीशी, म्हणजे धमन्यांच्या फोटो-तपासणीशी, ताडून शिकतं, आलेखाच्या एसटी भागातले आणि टी लहरींतले बारीक फरक टिपतं. पण त्याला दिसते फक्त पट्टी. छातीवरचे व्ही१, व्ही२ नावाचे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडी-फटीत लावायचे असतात. घाईत ते वर सरकतात. हातांच्या वायरी उलट्या लागतात. कागद बघा, त्यावर आलेखाच्या ओळींना नावं असतात: 'लीड १' (I) मध्ये सगळं खाली आणि 'एव्हीआर' (aVR) मध्ये वर आहे का?

डॉ_मिरज
ताईंशी सहमत. एआय निरुपयोगी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने साध्या ईसीजीवरून हृदयाचं कमी झालेलं पंपिंग ओळखून दाखवलं. पण ते पंपिंगचं काम होतं. त्यावरून धमन्या मोकळ्या आहेत असं कोणी म्हणू नये. तुमच्या वडिलांचं वय, साखर, चढावर आवळणं आणि बसल्यावर थांबणं, हा इतिहास त्या छापील ओळीपेक्षा कितीतरी वजनदार आहे. उद्याच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. ट्रेडमिल (पट्ट्यावर चालवून ईसीजी), स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन सोनोग्राफी) की सीटी अँजिओ (धमन्यांचं स्कॅन), ते ठरवतील. मनाने ट्रेडमिल करू नका. बसल्या जागी दुखलं, घाम सुटला, तर १०८.

कुडाळकर
ताई, लीड १ खरंच उलटा आहे. एव्हीआर वर.

ईसीजीवाली_ताई
मग बहुधा हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात, आणि एआयने तीच पट्टी वाचली. नव्याने काढायला लावा, वायर लावताना शेजारी उभे राहा. उजव्या हाताची वायर उजव्याच हाताला. जुना कागद फेकू नका, डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

कुडाळकर
बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. गप्प बसले, मग म्हणाले, "गेल्या महिन्यापासून डावा जबडाही दुखतोय, सांगितलं नव्हतं." सकाळी सातला निघतोय.

डॉ_मिरज
जबड्याचं डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. रात्री पुन्हा आवळलं आणि बसून थांबलं नाही, तर सकाळची वाट बघू नका.