मदत हवी आहे: भौतिकशास्त्राचं नवं गणित सुरूच करता येत नाही

पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र, सध्या यांत्रिकी चालू आहे. परीक्षेला ५ आठवडे आहेत, रोज दीड तास देऊ शकते. कॅल्क्युलसची अडचण नाही. सूत्रंही पाठ आहेत.

अडतं ते पहिल्या पायरीला. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं पटतं. तेच पुस्तक मिटून केलं तरी जमतं. पण प्रश्न जरा बदलला की पेन हलत नाही. काल एक गणित होतं: ३० अंशांच्या उतारावर ठोकळा स्थिर स्थितीतून सुटतो, घर्षणगुणांक ०.२, तर २ मीटर घसरल्यावर वेग किती? मी बलांची आकृती काढली, त्वरण ३.२ मी/से² आलं आणि त्यावरून वेग साधारण ३.६ मी/से. उत्तर बरोबर होतं, पण त्याला पाऊण तास गेला. मैत्रिणीने ऊर्जेच्या समीकरणाने तेच चार ओळींत काढलं! ती वाट मला सुचलीच नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

धडे पुन्हा वाचणं, व्हिडिओ बघणं, सूत्रांचा तक्ता करणं, एकाच प्रकारची वीस-वीस गणितं सलग सोडवणं, हे सगळं करून झालंय. शेवटच्या उपायात तर पद्धत आधीच ठाऊक असते, त्यामुळे निवडायची सवयच लागत नाही असं वाटतं. शिकवणी लावणं शक्य नाही.

बल, ऊर्जा की संवेग, हे प्रश्न वाचतानाच तुम्ही कशावरून ठरवता? आणि अडल्यावर उत्तर बघण्याआधी किती वेळ झगडावं?