राहायला जाण्याआधी त्या शहरातला एक उन्हाळी शनिवार-रविवार : तुमचे अनुभव

दोन महिन्यांनी आम्ही एका मोठ्या शहरात राहायला जातोय. नोकरी ठरली, तारीख ठरली, घर अजून ठरायचंय. ते शहर मी आजवर पाहिलंय ते स्टेशनपासून मुलाखतीच्या इमारतीपर्यंत, तेही रिक्षातून. म्हणून ऐन उन्हाळ्यातला एक शनिवार-रविवार तिथे नुसता राहून यावा असं मनात आहे. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? कुठे उतरलात, काय बघितलंत, कशात रमलात आणि पुढे राहायला गेल्यावर त्यातलं काय खरं निघालं? छोटी वाटली तरी गोष्ट लिहाच.

*

आम्ही केलंय. शहराच्या मध्यावर न उतरता, ज्या वस्तीत घर बघत होतो तिथेच दोन रात्रींसाठी खोली घेतली होती. ते फार बरं झालं.

शनिवारी दुपारी तीनला मुद्दाम चालायला निघालो. नवरा म्हणाला, "या उन्हात?" मी म्हटलं, "पुढे याच उन्हात यायचंय." दोन समांतर रस्ते होते. एकाच्या दोन्ही कडांना जुनी मोठी झाडं, दुसरा नुकताच रुंद केलेला, उघडाबोडका. पहिल्यावर आम्ही गप्पा मारत गेलो. दुसऱ्यावर दोघंही गप्प झालो, अंतर तेवढंच असून. झाड नुसती सावली देत नाही, पानांतून वाफ सोडताना भोवतालची उष्णताही खर्ची घालतं, हे शाळेत पाठ केलं होतं. अंगाला कळलं ते त्या दिवशी.

खरा धडा रात्रीचा. खोलीची पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागत होती. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात, म्हणून शहर लवकर निवत नाही. हे आजचं नाही. हवामानाचे इंग्रज अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या हवामानाच्या नोंदी ठेवल्या, तेव्हाही शहरातली रात्र बाहेरच्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही एक घर पाहिलं. उजेड भरपूर, वारा छान, जागा प्रशस्त. पण निजायच्या दोन्ही खोल्या पश्चिमेला आणि वर थेट गच्ची. आदल्या रात्री त्या गरम भिंतीच्या खोलीत झोपलो नसतो तर ते घर नक्की घेतलं असतं.

आणि संध्याकाळ! सातनंतर तो रस्ता जो फुलला! म्हातारी माणसं कठड्यावर येऊन बसली, मुलांच्या सायकली सुरू झाल्या. आम्ही नकाशा घेऊन उभे दिसलो तर एक आजी स्वतःहून थांबल्या आणि स्टेशनाची जवळची वाट दाखवायला कोपऱ्यापर्यंत आल्या. इथे राहता येईल, हे मला तेव्हा वाटलं. आज तिथे पाच वर्षं झाली.

*

वरच्या प्रतिसादातला झाडांचा मुद्दा फार मोलाचा आहे. शहरी वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनाइनेनडाइक यांनी २०२१ मध्ये एक सोपा ३-३०-३०० नियम मांडला. घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि ३०० मीटरच्या आत बाग किंवा मोकळी हिरवी जागा असावी. पहिली आणि तिसरी गोष्ट पाहुण्यालाही तपासता येते. मी खिडकीत उभं राहून झाडं मोजली आणि बागेपर्यंत पावलं.

*

माझी चूक सांगतो, तुमची टळेल. शनिवारी सकाळी घर ते ऑफिस असा प्रवास करून पाहिला. पंचवीस मिनिटं लागली, बसायला जागा मिळाली. त्या जोरावर घर घेतलं. सोमवारी त्याच वाटेला सव्वा तास लागला. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस सरासरी दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतो, युग आणि वाहन कुठलंही असो. माझा तो तास एकाच फेरीत संपत होता, आणि मुलगी झोपल्यावर मी घरी पोचत होतो. अकरा महिन्यांनी घर बदललं. तेव्हा एक दिवस रजा घ्या, पण सोमवारची सकाळ धरूनच परत फिरा.

*

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, म्हणून शहराचा खरा आवाज तेव्हाच ऐकू येतो. शनिवारी रात्री बारा ते दोन जागून ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा घराबाहेर ४० डेसिबल होती. रहदारीच्या रस्त्यालगत ती पाळली जाणं कठीण. आम्ही एक गल्ली आत सरकलो, तेवढ्याने झोप परत मिळाली.

*

मला थोडं वेगळं म्हणायचंय. तपासणी जरूर करा, पण दोन्ही दिवस त्यात घालवू नका.

मी एकटी गेले होते. शनिवारी घरं बघून इतकी थकले की रविवारची एक भेट रद्द केली आणि सकाळी सहाला नदीकाठी जाऊन बसले. पाण्यावरून गार वारा येत होता. कुणी पळत होतं, कुणी नुसतं बसलं होतं. मग पाय नेतील तिकडे गेले. दुपारी एका सार्वजनिक वाचनालयात शिरले, तिथे तीन तास वाचत बसले. संध्याकाळी बागेत काही मुलं वाद्यं घेऊन सराव करत होती, गवतावर बसून ऐकलं. रस्ता चुकले, पण उजेड उशिरापर्यंत होता, भीती वाटली नाही.

पुढे राहायला गेले तेव्हा पहिले तीन महिने फार एकटे गेले. ऑफिसात ओळख नाही, घरात बोलायला कुणी नाही. पण नदीकाठची ती पायरी माझी होती. रविवारी तिथे गेलं की वाटायचं, मी इथे आधी येऊन गेलेय, हे शहर मला ओळखतं. त्या पायरीने मला तारलं, असं मी मनापासून म्हणते.

*

आई-वडील बरोबर येणार असतील तर त्यांनाही घेऊन जा. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे त्यांना उन्हाचा त्रास होतोय हे त्यांनाच उशिरा कळतं. बाबांबरोबर चालताना मला बाकं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि पुलाच्या पायऱ्या पहिल्यांदा दिसल्या. एकटा असतो तर यातलं काही नजरेला पडलं नसतं.

*

धागा काढणारी मीच. काल रात्री परत आलो. तुमचं सगळं वाचून गेले होते. दुपारी तीनला चाललो, रात्री भिंतींना हात लावून पाहिले, एक घर त्यावरच सोडलं. सोमवारची सकाळ मात्र जमली नाही, रजा नव्हती. रविवारी नदी सापडली नाही, पण एक तळं सापडलं, त्याच्या उत्तरेच्या काठावर एक मोठं झाड आहे आणि खाली एकच बाक. लेकाने निघताना विचारलं, "आई, आपण इथे परत कधी येणार?" पंधरा दिवसांनी पुन्हा जातोय, सोमवार धरून.