१८९६ ची साडेतीन टक्के जकात: एवढ्याशा करावरून देशाचं राजकारण कसं तापलं?

पाटीपेन्सिल:
मुंबईच्या गिरण्यांबद्दल वाचताना देशी कापडावरच्या ३.५ टक्के जकातीचा, म्हणजे गिरणीत तयार झालेल्या कापडावरच्या सरकारी कराचा, उल्लेख सारखा येतो. विलायती कापडावरही तेवढीच होती, मग अन्याय कुठे झाला? आणि जकातीवरून मालक-कामगार एका बाजूला होते का?

वीस_नंबरी:
दर सारखा होता, पण मालच वेगळा होता. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. २० नंबर म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. देशी कापसाचा धागा आखूड, त्यामुळे मुंबईत मुख्यतः २० आणि त्याखालचं जाडं सूत निघायचं. लँकेशायरचा, म्हणजे इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागाचा, भर बारीक मालावर. बाजारात दोघांची गाठ फारशी पडतच नव्हती.

आता क्रम बघा. १८८२ मध्ये जवळपास सगळ्या आयात जकाती उठवल्या होत्या. रुपया घसरला, तिजोरीला पैसा हवा झाला, म्हणून १८९४ च्या मार्चमध्ये ५ टक्के आयात जकात परत आली, पण त्यातून सुती माल वगळला. डिसेंबरमध्ये तो घेतला, तेव्हा सोबत २० नंबरच्या वरच्या देशी गिरणी सुतावरही ५ टक्के लावले. निदान जिथे स्पर्धा होती, तिथेच ही जकात होती. लँकेशायरने तरी आरडाओरडा केला. १८९६ मध्ये सूत दोन्हीकडे मोकळं झालं, विलायती कापड ५ वरून ३.५ वर आलं आणि देशी गिरणीच्या सगळ्या कापडावर, जाडंभरडं असो की बारीक, ३.५ टक्के बसले. म्हणजे बारीक विलायती कापड स्वस्त झालं आणि गरिबाच्या जाड्या धोतरावर नवा कर आला. लोकांना चीड आली ती याची.

शिवाय जकात किमतीवर होती, नफ्यावर नव्हती. हिशेबापुरतं १०० रुपयांच्या कापडावर १० रुपये नफा धरा: साडेतीन रुपये म्हणजे नफ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तोट्याच्या वर्षीही ती भरावीच लागे. हातमागाला माफी होती, हे लक्षात ठेवा.

जमाखर्च:
वरच्यात एक भर घालतो. तेव्हा मुंबईचं पुष्कळ सूत चीनला जात होतं. पुढे जपानी सुताने ती बाजारपेठ खाल्ली, तशा गिरण्या मागांकडे, म्हणजे देशातल्या कापडाकडे वळल्या. नेमकी तिथेच ही जकात बसलेली होती.

मालकांना मात्र सरसकट देशभक्त समजू नका. यंत्रं लँकेशायरहून येत. सुरुवातीच्या काळात व्यवस्थापक एजंटांचं, म्हणजे गिरणी चालवणाऱ्या मालक-पेढ्यांचं, कमिशन तयार मालाच्या पौंडामागे पाव आणा असे, माल खपो न खपो. त्यामुळे मंदीतही चात्या (सूत कातणाऱ्या यंत्रावरचे टकळे) फिरवण्यातच त्यांचा फायदा होता आणि नुकसान भागधारकांचं होई. विलायती कापडावर बहिष्काराची हाक १८९६ मध्ये टिळकांनी दिली, ती मालकांच्या सभेतून आली नव्हती.

परदेशी मालापासून संरक्षण मिळालं तेही सरकारच्या उदारपणामुळे नाही. युद्धखर्चामुळे १९१७ मध्ये आयात जकात ७.५ टक्के झाली आणि देशी कापडावरची ३.५ वरच राहिली. पहिल्यांदाच चार टक्क्यांचं अंतर पडलं. १९२१ मध्ये आयात जकात ११ वर गेली. त्यानंतर १९२३ चं टॅरिफ बोर्ड (कुठल्या धंद्याला संरक्षण द्यायचं ते तपासणारं मंडळ) आणि १९२४ मध्ये पोलादाला संरक्षण. आपली जकात आपणच ठरवावी ही मागणी तोपर्यंत राजकारणाच्या मध्यभागी आलेली होती.

साचाखातं:
कामगारांचा धागा सुटतोय. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवलं. पण जकातीशी थेट संबंध आहे तो १९२५ चा. मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सांगितलं, जकात उठली तर कपात मागे घेऊ. सप्टेंबरच्या मध्यापासून सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. डिसेंबरच्या आरंभी सरकारने जकात तहकूब केली, कपात मागे घेतली गेली, आणि १९२६ मध्ये जकात कायमची गेली. मालकांची निवेदनं २९ वर्षं जे करू शकली नाहीत, ते उपाशी राहिलेल्या कामगारांनी अडीच महिन्यांत करून दाखवलं. या लढ्याचं श्रेय फक्त मालकांच्या खात्यावर मांडणं मला अजिबात पटत नाही.

पाटीपेन्सिल:
मग जकात गेल्यावर दोघे एकत्र राहिले का?

साचाखातं:
नाही. १९२८ मध्ये त्याच गिरण्यांत सुमारे सहा महिन्यांचा संप झाला आणि गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे पुढारी १९२९ मध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यात पकडले गेले.

जमाखर्च:
मालकांची वाटही निराळीच. १९३० मध्ये आयात कापडावर ब्रिटिश मालाला १५ आणि इतरांना २० टक्के असा भेद झाला. जपानी कापडाची धास्ती वाढल्यावर मुंबईच्या मालकांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये थेट लँकेशायरशी, ब्रिटिश मालाला सवलत देणारा मोदी-लीस करार (दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या नावाचा) केला. राष्ट्रवादी गोटातून त्यावर सडकून टीका झाली.