उत्तर: डॉइचे वेलेच्या अर्जात मातृभाषा कोणती लिहू?

ताई, 'मराठी लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल का' ही तुमची भीती मलाही होती. डॉइचे वेले ही जर्मनीची आंतरराष्ट्रीय प्रसारण संस्था, तिच्या पत्रकारिता प्रशिक्षणासाठी तुम्ही अर्ज करताय. ती तीसेक भाषांत काम करते. त्यांत हिंदी, बंगाली, तमिळ, उर्दू आहेत, मराठी नाही. म्हणून मातृभाषा मराठीच लिहा, पण हिंदीत तुम्ही काय केलंय ते ठळकपणे दाखवा. इंदूरच्या मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. मराठी असलेल्या राहुल बारपुते यांनी आयुष्यभर इंदूरच्या 'नई दुनिया' दैनिकात हिंदी पत्रकारिताच केली की! इंग्रजी आणि जर्मनचं मात्र खरं तेच लिहा, मुलाखतीत दोन मिनिटांत पितळ उघडं पडतं.

माझा पहिला अर्ज फेटाळला गेला. मी अर्जासोबतच्या पत्रात 'लहानपणापासून पत्रकार व्हायचं होतं' छाप मजकूर भरला होता, आणि लेखनाचा नमुना म्हणून इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊवर लेख. (भुट्ट्याचा कीस जगाला माहीत व्हावा ही तळमळ खरी होती हो!)

तुम्ही नमुना लेखासाठी इंदूरच्या देवगुराडियाला जा. तिथे २०२२ साली सुरू झालेला बायो-सीएनजी (कचऱ्यापासून इंधनवायू) प्रकल्प आहे, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता. आकडे सगळेच देतात. तुम्ही कचरा वेगळा करणाऱ्या बायकांशी बोला, आसपासच्या घरांत वास येतो का ते विचारा. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराची ही बाजू डॉइचे वेलेच्या बॉनमधल्या संपादकालाही वाचावीशी वाटेल.

प्रशिक्षण दीड वर्षाचं, बॉन आणि बर्लिनमध्ये. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, आमच्याकडे आईने महिनाभर अबोला धरला होता.