मॅमोग्राफी गेली म्हणायची घाई नको

एकांनी लिहिलंय की स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत लेझर-अल्ट्रासाऊंड आलं, आता मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) गेली. जरा थांबा. या लेझर-अल्ट्रासाऊंडमध्ये, म्हणजे ऑप्टोअकूस्टिक तपासणीत, लेझरचे काही नॅनोसेकंदांचे झटके स्तनावर सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषतं, किंचित तापून प्रसरण पावतं आणि त्यातून उठलेली ध्वनिलहर प्रोब (स्तनावर टेकवलेलं उपकरण) टिपतो. (मूळ तत्त्व ग्रॅहम बेलचं, १८८० चं!) खरी गंमत दोन तरंगलांबींची: ७५७ नॅनोमीटरचा प्रकाश ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जास्त शोषतं, १०६४ चा ऑक्सिजनयुक्त रक्त. त्यामुळे सोनोग्राफीतल्या करड्या गाठीवर रंगीत रक्तवाहिन्या उमटतात. वेड्यावाकड्या वाहिन्या, त्यात ऑक्सिजन कमी, की कर्करोगाचा संशय बळावतो. क्ष-किरण नाहीत, शिरेतून औषध नाही; लेझरमुळे खोलीतल्या सगळ्यांना चष्मा मात्र लागतो.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये अशा एका यंत्राला मान्यता दिली, पण ती आधीच सापडलेल्या गाठीची शहानिशा करायला, सरसकट स्क्रीनिंगला (काही त्रास नसलेल्या बायकांच्या तपासणीला) नव्हे. प्रकाश काही सेंटिमीटरपलीकडे पोचत नाही, आणि कर्करोगाची खूण असू शकणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके मॅमोग्राफीतच नीट दिसतात. अशा यंत्रांच्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना मी एकच बघते: किती बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) टळल्या याच्या शेजारी किती कर्करोग निसटले हेही दिलंय का?