पहिले बाळंतपण नैसर्गिक व्हावे आणि पतींनी प्रसूतिकक्षात सोबत असावे, अशी इच्छा आहे : नाशिककरांचे मार्गदर्शन हवे

प्रश्न : सिडकोवासी

नमस्कार. मला आठवा महिना सुरू आहे आणि हे आमचे पहिलेच अपत्य आहे. आतापर्यंतच्या तपासण्या व्यवस्थित आहेत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांपैकी कशाचीही तक्रार नाही, बाळाचे डोके खाली आहे आणि आजच्या घडीला नैसर्गिक प्रसूतीला काही अडचण दिसत नाही, असे डॉक्टर म्हणतात. आम्ही सिडकोत राहतो आणि पती अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. माझे माहेर येवल्याचे. पहिले बाळंतपण माहेरीच, या रीतीप्रमाणे आईने डोहाळजेवण झाल्यापासून मला घेऊन जाण्याचा आग्रह धरला आहे.

माझी इच्छा थोडी वेगळी आहे. कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत पतींनी माझ्याजवळ असावे, असे मला मनापासून वाटते आणि त्यांनाही तसेच वाटते. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी ‘त्या वेळी बघू’ एवढेच उत्तर दिले. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांमध्ये सिझेरियनचे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांमध्ये १४.३ टक्के असल्याचे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. गरज असेल तर शस्त्रक्रियेला माझा विरोध मुळीच नाही; मात्र गरज नसताना ती होऊ नये, यासाठी आपल्या हातात काय असते, हे समजून घ्यायचे आहे. पतींनी आत नेमके काय करायचे असते आणि परवानगीचा विषय रुग्णालयात कसा काढावा, हे कृपया सांगावे. आईला न दुखावता हे कसे समजवावे, हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद : इंदिरानगरचा बाबा

नमस्कार ताई. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी पत्नीसोबत आत होतो, त्यामुळे तुमच्या यजमानांसाठी थोडे सविस्तर लिहितो. पतीने तिथे नुसते हजर राहणे पुरेसे नाही. काय होणार आहे याची कल्पना नसलेला माणूस घाबरतो, आणि ती भीती त्याच्या चेहऱ्यावरून पत्नीला लगेच कळते. म्हणून शेवटच्या दोन-तीन तपासण्यांना त्यांनी पाळी बदलून घेऊन तुमच्याबरोबर जावे, डॉक्टरांशी स्वतः बोलावे आणि शक्य असल्यास प्रसूतिकक्ष आधी पाहून ठेवावा.

‘त्या वेळी बघू’ हा होकार समजू नका. रात्री दोन वाजता दारात उभ्या असलेल्या परिचारिकेला डॉक्टरांचे तोंडी बोलणे माहीत नसते. फाइलवर लिहिलेली ओळ मात्र ती वाचते. आम्ही डॉक्टरांना नम्रपणे विनंती करून ‘पती प्रसूतीच्या वेळी सोबत राहतील’ असे फाइलवर लिहून घेतले होते. त्या एका ओळीमुळे ऐनवेळी कोणाशी हुज्जत घालावी लागली नाही.

कळा मध्यरात्रीनंतर सुरू झाल्या. पाच-पाच मिनिटांनी कळ यावी, ती मिनिटभर टिकावी आणि हे तासभर तसेच चालू राहिले की निघा, असे आम्हाला सांगितले होते. मात्र पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर क्षणभरही वाट पाहायची नाही, अशीही सक्त सूचना होती. तोपर्यंत ती घरातच सावकाश फेऱ्या मारत राहिली, तूप घातलेला मऊ भात थोडा खाल्ला, मध्ये जरा पडलीही. द्वारका चौकातील सकाळची कोंडी सुरू होण्याआधी आम्ही घर सोडले.

रुग्णालयात तिला उताणे झोपवत नव्हते. पलंगाचा डोक्याकडचा भाग उभा करून त्यावर उशी ठेवली होती आणि ती गुडघ्यांवर बसून उशीला दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. कळ आली की मी कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताने जोर लावून दाबून धरत असे. ती ‘अजून’ म्हणाली की जोर वाढवायचा, ‘नको’ म्हणाली की हात काढायचा. कळ ओसरली की ओला रुमाल मानेवरून फिरवायचा आणि नारळपाण्याचा घोट द्यायचा. कळ चालू असताना बोललेले तिला अजिबात सहन होत नव्हते, त्यामुळे मी फक्त संथ, मोठा उच्छ्वास सोडत राहायचो आणि तिचा श्वास हळूहळू त्या लयीत येत असे. हा सराव आम्ही घरी रोज रात्री झोपण्यापूर्वी केलेला होता, आणि त्याचा फार मोठा उपयोग झाला.

दुपारी एक क्षण असा आला की ती रडवेली होऊन म्हणाली, ‘आता माझ्याने होत नाही, सिझेरियन करायला सांग.’ तेथील परिचारिकेने आम्हाला आधीच सांगून ठेवले होते की पिशवीचे तोंड पूर्ण उघडत आले की पुष्कळ स्त्रियांना अगदी असेच वाटते. मी तिची समजूत घातली नाही, ‘थोडेच राहिले’ असे खोटे आश्वासनही दिले नाही. ‘ही एक कळ जाऊ दे, मग बोलू,’ एवढेच म्हणालो. मग पुढची कळ, मग त्यापुढची. खरोखरच शस्त्रक्रिया हवी आहे, असे ती कळांच्या मधल्या शांत वेळेत म्हणाली असती, तर मी तत्काळ डॉक्टरांना बोलावले असते. हा फरक यजमानांना ओळखता आला पाहिजे, आणि तो ओळखायला तिचा चेहरा ओळखीचा असलेला माणूसच जवळ लागतो.

प्रतिसाद : निवृत्त परिचारिका, नाशिकरोड

मी आयुष्यभर प्रसूतिकक्षात काम केले आहे. वरील प्रतिसाद वाचून समाधान वाटले. त्यात काही गोष्टींची भर घालते, आणि एका बाबतीत सावधही करते.

आधी परवानगीविषयी. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक व्यक्ती ठेवण्यास मान्यता दिली आहे. ती शक्यतो बाळंतपणाचा अनुभव असलेली नातेवाईक स्त्री असावी; मात्र जिथे प्रत्येक पलंगाला पुरेसा आडोसा आहे, तिथे पतीलाही परवानगी देता येते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष सुधारणेच्या कार्यक्रमातही सोबतीवर भर आहे. तरीही एखाद्या ठिकाणी पतींना नाही म्हणतात, तेव्हा ते दरवेळी आडमुठेपणाने असते असे समजू नका. एका खोलीत तीन-चार पलंग आणि मध्ये फक्त पडदे असले, तर शेजारच्या बाईच्या लाजेचाही विचार करावा लागतो. म्हणून रुग्णालयात ‘पती चालतील का’ असे विचारण्याआधी ‘प्रसूतीसाठी स्वतंत्र खोली आहे का’ हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा मिळून जाते.

आता ‘गरज नसताना’ या तुमच्या चिंतेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे पिशवीचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर प्रसूतीचा सक्रिय टप्पा धरला जातो, आणि पहिलटकरणीला तिथून पूर्ण उघडेपर्यंत बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. पुढे प्रत्यक्ष बाळ बाहेर येण्यासही तीन तासांपर्यंतचा अवधी लागू शकतो. तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, असा जो हिशेब नातेवाईक दाराबाहेर बसून करतात, तो सगळ्यांना लागू पडत नाही. आई आणि बाळ दोघांची प्रकृती ठीक असेल, बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान असतील, तर सावकाश चाललेली प्रसूती म्हणजे अडलेली प्रसूती नव्हे. मी असे पाहिले आहे की बाहेरून ‘अजून किती वेळ? करून टाका सिझर’ असा धोशा सुरू होतो, आणि त्या दडपणाखाली निर्णय होतात. आत बसलेला, समजूतदार पती हे दडपण थोपवू शकतो, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम हेच आहे. प्रसूतीच्या वेळच्या अखंड सोबतीविषयी पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याची शक्यता अधिक आणि सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले.

याच शिफारशींनुसार सरसकट एनिमा देणे, केस काढणे किंवा प्रत्येक पहिलटकरणीला छेद देऊन टाके घालणे आवश्यक नाही. वरून पोटावर जोराने दाब देऊन बाळ ढकलणे तर करूच नये. या गोष्टी डॉक्टरांशी नवव्या महिन्यातच शांतपणे बोलून घ्या. ऐन कळांमध्ये पतींनी कर्मचाऱ्यांना नियम ऐकवू नयेत, त्याने वातावरण बिघडते.

सावधगिरीची गोष्ट ही की नैसर्गिक प्रसूती म्हणजे प्रत्येक औषधाला नकार, असा अर्थ काही जोडपी घेतात. बाळ जन्मल्यावर मांडीत किंवा शिरेतून ऑक्सिटोसिन देतात, ते अतिरक्तस्राव टाळण्यासाठी असते. वार पडण्याआधी किंवा पडल्यावर होणारा रक्तस्राव पाहता पाहता जीवावर बेततो, म्हणून त्याला कधीही नाही म्हणू नका. तसेच कळा याव्यात म्हणून कोणी घरी एरंडेल प्यायला सांगेल, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अंगावरून रक्त जाणे, हिरवट पाणी जाणे, बाळ कमी हलणे, यांपैकी काहीही झाले तर कळांची वाट न पाहता निघावे. गाडी नसेल तर १०८ क्रमांक आहे.

प्रतिसाद : पंचवटीची आजी

मुली, तुझ्या आईच्या बाजूने दोन शब्द लिहिते, कारण मीही दोन लेकींची बाळंतपणे केली आहेत. आईला तुझा नवरा नको आहे असे नाही. जावयासमोर लेकीने त्या अवस्थेत कण्हावे, ओरडावे, याचा आमच्या पिढीला संकोच वाटतो. शिवाय लेकीचे पहिले बाळंतपण आपल्या हातून व्हावे, ही आईची हौसही असते आणि हक्कही. तो हक्क तू काढून घेत आहेस असे तिला वाटू देऊ नकोस.

आमच्या धाकटीच्या वेळी आम्ही असे केले की नववा महिना लागताच मीच तिच्या घरी राहायला गेले. कळा सुरू असताना जावई आत आणि मी बाहेर, जावई जेवायला गेले की मी आत. पहिलटकरणीचे बाळंतपण लांबते, आणि एकट्या माणसाला इतका वेळ उभे राहणे झेपत नाही, हे तुझ्या नवऱ्यालाही सांग. पुढे रुग्णालयातून घरी आल्यावर प्रवासाला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले की मी लेकीला आणि नातीला घेऊन माहेरी आले. सव्वा महिना माझ्याकडेच ठेवले. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोप, मालिश, बाळाची अंघोळ, सगळे माझ्या मनासारखे झाले. तू आईला ‘मी येणार नाही’ असे न म्हणता ‘तू ये, आणि मग आपण दोघी बाळाला घेऊन येवल्याला जाऊ’ असे म्हण. जावयाकडूनही तिला एक फोन होऊ दे. त्याने स्वतः बोलावले तर ती नक्की येईल.

मूळ प्रश्नकर्ती : सिडकोवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजींचा प्रतिसाद मी रात्री पतींना वाचून दाखवला आणि त्यांनी आज सकाळीच आईला फोन केला. आई लगेच हो म्हणाली नाही, परंतु ‘डिंक कुठून आणता तिकडे’ असे विचारले, याचा अर्थ मी चांगलाच घेत आहे.

दोन शंका उरल्या आहेत. ऐनवेळी सिझेरियन करावे लागले तर पतींना आत राहता येते का? आणि त्यांच्या कारखान्यात पितृत्व रजेची सोय नाही, तर कामावरून येण्याचे कसे जमवावे?

प्रतिसाद : इंदिरानगरचा बाबा

पंधरा दिवसांची पितृत्व रजा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मिळते. खासगी कारखान्यांवर तसे कायदेशीर बंधन नाही, त्यामुळे यजमानांनी आपली अर्जित रजा आताच राखून ठेवावी. पर्यवेक्षकांना अपेक्षित तारीख सांगून ठेवावी आणि त्या तारखेच्या आगेमागे दोन-तीन आठवडे रात्रपाळी कोण बदलून देईल, हे सहकाऱ्यांशी ठरवावे. कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नसतील, तर प्रवेशद्वारावरील सुरक्षा कक्षाचा दूरध्वनी क्रमांक तुमच्या आणि आईच्या जवळ असू द्या.

प्रतिसाद : निवृत्त परिचारिका, नाशिकरोड

शस्त्रक्रियागृहात पतींना घेणे हे भूलतज्ज्ञ आणि डॉक्टर यांच्यावर अवलंबून असते, आणि बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तातडीची शस्त्रक्रिया असेल तर तो आग्रह धरूच नका. तथापि त्या वेळीही पतींना काम असते. कमरेतून भूल दिलेली असली तर आई जागी असते, आणि बाळाची प्रकृती चांगली असल्यास तिथेच तिच्या छातीवर देता येते. ते शक्य न झाल्यास बाळाला वडिलांच्या उघड्या छातीवर कपड्याने झाकून ठेवता येते, त्याने बाळाला ऊब मिळते. त्यासाठी पुढून उघडणारा सदरा घालून यायला सांगा. बाळाला पहिल्या तासाभरात आईचे दूध मिळावे, यासाठी परिचारिकेला आठवण करून देण्याचे कामही त्यांच्याकडेच द्या. धावपळीत ते मागे पडते. नाळ कापण्याआधी किमान मिनिटभर थांबणे बाळाच्या रक्तासाठी हिताचे असते, तेही डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

आणि आई आल्या की त्यांनाही एकदा तपासणीला बरोबर घेऊन जा. रुग्णालय, डॉक्टर आणि खोली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, म्हणजे दाराबाहेर बसायची वेळ आली तरी त्यांच्या जीवाला घोर लागणार नाही.