कोपर आपटलं की करंट करंगळीत का जातो?

काल दाराच्या कडीवर कोपर आपटलं आणि असली झिणझिणी आली की डोळ्यात पाणी, पण मजा म्हणजे अंगठ्याला काहीच नाही, सगळं करंगळीकडे, असं का होतं?

मिसळपाव_जादा_तर्री: ते हाड नाहीच, नस आहे. अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगाकडच्या, जो टणक उंचवटा लागतो ना त्याच्या मागच्या खाचेतून ती जाते, वर फक्त कातडी आणि थोडा पडदा, त्यामुळे फटका थेट नसेवर. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग हिच्याकडे असतो म्हणून करंट तिकडेच. लोक फनी बोन म्हणतात, फनी काय त्यात देव जाणे.

फिजिओ_ताई: बरोबर. आणि कोपर म्हणजे एक सांधा नाही हं, एकाच पिशवीत तीन आहेत. दंडाचं हाड आणि अल्ना (कोपराखालचं करंगळीकडचं हाड) मिळून बिजागरी, त्याने हात दुमडतो. दंडाचं हाड आणि रेडियस (अंगठ्याकडचं हाड) दुसरा. रेडियस-अल्ना तिसरा, किल्ली फिरवताना रेडियसचं गोल डोकं एका लिगामेंटच्या (हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा) कड्यात जागच्या जागी फिरतं. लहान मुलांना एका हाताने ओढून उचलू नका, हे कडं सरकतं आणि पोरगं हात हलवायचंच बंद करतं.

प्रश्नकर्ता: बापरे, आमच्याकडे पुतण्याला रोज असंच उचलतात, आजच सांगतो घरी. आणि फोन कानाला लावून बराच वेळ बसलो की करंगळी बधिर होते ती पण हीच नस का?

फिजिओ_ताई: बहुतेक हीच, दुमडलं की ताणली जाते. सारखं होत असेल तर दाखवून घ्या.